कलम सातचं मधलं वाक्य

प्रश्न : मी शिक्षिका आहे, साताऱ्याला राहते. नैराश्यावरच्या गोळ्या चालू असताना पुण्यातल्या एका लाइफ कोचचा सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स लावला. फी 1 लाख 20 हजार. 14 ऑक्टोबर 2024 ला त्यांचा व्हॉइस मेसेज आला, 'आता गोळ्यांच्या कुबड्या टाका.' मी गोळ्या बंद केल्या आणि डिसेंबरात दवाखान्यात भरती व्हावं लागलं. फी परत मागितली की ते करारातलं कलम 7 दाखवतात : 'कोचिंग हा उपचारांना पर्याय नाही. कोच औषधांबाबत सल्ला देणार नाही. निर्णयांची जबाबदारी क्लायंटची राहील.' केस उभी राहते का?

उत्तर : राहते, आणि याच कलमावर उभी राहते. शेवटचं वाक्य वाचून तुम्ही हातपाय गाळलेत. मधलं वाक्य पुन्हा वाचा. औषधांबाबत बोलणार नाही, हे त्यांनीच लिहून दिलंय. मग तो व्हॉइस मेसेज कशात बसतो? जबाबदारी क्लायंटची, ती कोचने आपल्या हद्दीत राहून दिलेल्या सल्ल्यापुरती, असा युक्तिवाद मी ग्राहक आयोगापुढे करीन.

असे प्रश्न हल्ली वरचेवर येतात. मानसोपचारतज्ज्ञाला वैद्यकीय परिषदेची नोंदणी लागते. लाइफ कोचला आपल्याकडे कसलाच परवाना लागत नाही. एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाणपत्र असेल तर तिच्या आचारसंहितेखाली तक्रार जरूर करा, पण त्यातून पैसे परत येतील असं धरून चालू नका. तुमची खरी जागा ग्राहक आयोग.

आता त्या मेसेजची दुसरी बाजू, तारीख. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69 : कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार. तुम्ही लिहिता, कोच 'बघू, पुढच्या बॅचला ॲडजस्ट करू' म्हणत राहिले आणि तुम्ही थांबलात! आश्वासनांनी मुदत थांबत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलेल्या तक्रारीनेही नाही. मुदत डिसेंबरपासून किंवा फी नाकारल्यापासून मोजावी, असंही मांडता येईल. पण त्या भरवशावर राहू नका. 14 ऑक्टोबर 2026 च्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. उशीर माफ होतो, पण सबळ कारण दाखवून, आणि 'ते हो म्हणत होते' हे कारण मला सबळ वाटत नाही.

तुम्ही असंही लिहिता, फोन बदलला आणि मेसेज बहिणीला फॉरवर्ड केलेला आहे. फॉरवर्ड केलेल्या प्रतीवर मूळ तारीख नसते, पाठवणाऱ्याचा नंबरही नसतो. इतका महत्त्वाचा पुरावा इतका सैल कसा ठेवलात? जुना फोन कपाटात आहे, हे बरं. तो विकू नका, रीसेट करू नका. त्यातल्या मूळ चॅटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागेल. आणि करार! साडी घेताना आपण पदर उलगडून पाहतो. सव्वा लाखाचा करार वेबिनारच्या शेवटच्या पाच मिनिटांत 'आय ॲग्री' दाबून करायचा नसतो.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा आयोगातच करता येते, कोच पुण्यात असले तरी. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्याने शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते. मुद्दा 'सेवेतील त्रुटी' असा मांडा. करारातलं 'फी परत मिळणार नाही' हे कलम अन्यायकारक ठरवून रद्द करून मागायला जाऊ नका. तो अधिकार राज्य आयोगाचा, तिकडे गेलात तर अडकाल.

भरपाई किती मिळेल ते आत्ता सांगता येणार नाही. फीपेक्षा दवाखान्याचा खर्च सिद्ध करणं अवघड. गोळ्या अचानक थांबवल्याने आजार उलटला, असं तुमच्या डॉक्टरांनी लेखी द्यावं लागेल. डिस्चार्ज कार्डावर 'स्वतः औषध बंद केलं' एवढंच लिहिलं असेल, तर त्यांना तो मेसेज ऐकवा. फौजदारीचं नंतर पाहू.

नोटीस मिळाल्यावर कोचला उत्तराला 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये, जुन्या कायद्याखाली का होईना, तसं स्पष्ट केलंय. कायदा तक्रार तीन महिन्यांत निकाली काढायला सांगतो. प्रत्यक्षात वर्षं जातात आणि आजारातून सावरणाऱ्या माणसाला तारखांसाठी झुलवणं मला अजिबात मान्य नाही. म्हणून सगळे कागद पहिल्याच दिवशी जोडा.

आणि सध्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. या आठवड्यात जुना फोन चार्ज करून चॅट उघडते का, तेवढं कळवा.