जुन्या पद्मिनीच्या फ्लोअरवरचं डांबर कसं काढायचं?

१९८० च्या दशकातली प्रीमियर पद्मिनी, गालिचा उचलल्यावर खाली पत्र्याला चिकटलेलं काळं डांबर, आणि ते पत्रा न बिघडवता काढायचंय, हा तुमचा प्रश्न.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचं तापमान उणे ७८ अंश असतं. तुकडे डांबरावर पसरा, वरून जाड पोतं टाका, दहा-पंधरा मिनिटांनी लाकडी किंवा रबरी हातोडीने ठोका. थर काचेसारखा तडकून निघतो. जाड हातमोजे हवेतच आणि चारही दारं उघडी ठेवा, बंद गाडीत त्यातून निघणारा वायू जीवावर बेतू शकतो.

ड्राय आइस नाही मिळाला तर हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) आणि पुट्टीची पट्टी. फक्त मऊ होईपर्यंत तापवा, धूर निघाला म्हणजे जास्त झालं. गॅसची ज्योत अजिबात नको. पत्र्याखाली पेट्रोलची नळी असू शकते. ग्राइंडरला वायर ब्रश लावायचा मोह होईल, पण डांबर वितळून सगळीकडे लिंपलं जातं. शिवाय जुन्या थरात ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक खनिज तंतू) असण्याची शक्यता असते, म्हणून कोरडं घासू नका, मास्क लावा.

उरलेला चिकटा रॉकेलने पुसा, मग थिनरने. हे मात्र हीट गन बंद करून, पत्रा गार झाल्यावरच.

आता पेचकसाने पत्रा टोचून बघा. पद्मिनीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार पेलते. टोक आरपार गेलं तर पुट्टी नको, नवा पत्रा वेल्ड करून घ्या. बाकी ठिकाणी गंज घासून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा अस्तराचा रंग) मारा, पावसाळ्यात तर नक्कीच.