फौंड्रीची वाळू, पुराची रेघ आणि ताईच्या ‘गप्पा’

प्रश्न खानापूरच्या एका मुलाचा आहे. मधूनच वाचायला येणाऱ्यांसाठी तो थोडक्यात सांगते. हा बेळगावात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. चौघांच्या गटाचं प्रोजेक्ट आहे: काँक्रीटमध्ये नेहमीच्या वाळूऐवजी फौंड्रीतली, म्हणजे धातू वितळवून ओततात त्या कारखान्यातली, टाकाऊ वाळू वापरणं. त्याची मोठी बहीण राणी चन्नम्मा विद्यापीठात समाजशास्त्रात एमए करते आणि २०१९ च्या पुरात बुडालेल्या एका गावातल्या लोकांच्या मुलाखती घेते. तो लिहितो, “माझ्याकडे आकडे आहेत, ताई नुसत्या गप्पा मारून येते. याला संशोधन म्हणायचं का? आणि पुढं पीएचडी करायची तर कशात अर्थ आहे?”

तुला ‘तू’च म्हणते, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. मी १९ वर्षं सिव्हिल शिकवतेय, त्याआधी साइटवर होते. माझी पीएचडी पूरग्रस्त गावांच्या पुनर्वसनावर. त्यामुळं निम्मी वर्षं ताकद तपासायला काँक्रीटचे क्यूब फोडण्यात गेली आणि निम्मी लोकांच्या सोप्यात बसून ऐकण्यात. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

आधी तुझ्या वाळूकडे येऊ. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे ओतकामाचे साचे करायला, जी ग्रीन सँड वापरतात, ती रंगानं काळीच असते. ‘ग्रीन’ म्हणजे ओलसर. सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी. ती पुन्हापुन्हा वापरून निकामी झाली की बाहेर ढीग लागतात. तू त्यातली वाळू आणून १०, २०, ३० टक्के प्रमाणात मिसळणार, १५० मिलिमीटरचे क्यूब भरणार, ७ आणि २८ दिवसांनी सीटीएमवर, म्हणजे दाब देऊन ताकद मोजायच्या यंत्रावर, फोडणार आणि आलेख काढणार. चांगलं आहे. पण त्या ढिगाजवळ जरा वेळ उभा राहा. तोच ढीग तुझ्यासाठी बारीक अॅग्रिगेट, म्हणजे काँक्रीटमधली वाळू, आहे. डॉक्टरसाठी तो सिलिकाची धूळ आहे, जिच्यामुळं फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्यात, वर्षानुवर्षं काम करणाऱ्याला सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. अर्थशास्त्रज्ञ विचारेल की ही वाळू फुकट मिळते म्हणतोस, पण ट्रॅक्टरचं भाडं धरलंस का? आणि कामगारांचा अभ्यास करणारी तुझ्या ताईसारखी कुणी विचारेल की मास्क दिलेला असूनही माणूस तो खाली का ओढतो? भट्टीच्या उकाड्यात श्वास कोंडतो म्हणून, की नगावर पैसे मिळतात आणि मास्क लावून हात मंदावतो म्हणून? या प्रश्नाचं उत्तर सीटीएम देणार नाही.

संशोधनाची विविधता म्हणतात ती मला तरी अशी दिसते. वस्तू एकच असते, पण तिच्यापुढं उभं राहायच्या जागा वेगळ्या असतात, आणि प्रत्येक जागेवरून चूक पकडायची रीतही वेगळी असते. ही रीत ज्या कामात असते त्याला मी संशोधन म्हणते. आकडे असणं-नसणं त्यानंतर येतं.

आकड्यांबद्दल एक गोष्ट सांगते. एमटेकला अशाच वाळूवर काम करताना माझ्या एका सेटमधला तिसरा क्यूब बराच खाली आला. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे तीन क्यूबची सरासरी धरतात आणि एकेका क्यूबचा फरक सरासरीच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. माझा जास्त होता, म्हणजे तो निकालच ग्राह्य नव्हता. मला सांगण्यात आलं की तो क्यूब ‘सोडून दे’ आणि दोघांची सरासरी लिही. मी लिहिली. व्हायवात कुणी विचारलं नाही. पण आज इतक्या वर्षांनीही तो तक्ता मला उघडवत नाही, कारण त्या क्यूबला कडेला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं होती आणि ती का पडली हाच खरा प्रश्न होता. जुन्या फौंड्री वाळूत मातीचा बारीक अंश असतो, तो पाणी ओढतो, स्लंप (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) उतरतो, आणि कुटाई कमी पडली की काँक्रीट साच्याच्या कोपऱ्यात नीट बसत नाही. म्हणजे मी जो आकडा टाकून दिला, त्यात माझ्या विषयाचं उत्तर होतं. तुझा असा क्यूब आला तर आधी त्याचा फोटो काढ, मग सेट पुन्हा भर, आणि दोन्ही गोष्टी रिपोर्टात लिही.

आता ताईच्या ‘गप्पां’बद्दल. हा शब्द वाचून मला वाईट वाटलं, कारण साइटवर असताना मीही हाच शब्द वापरायचे.

पुनर्वसनाच्या कामाला लागले तेव्हा मी इंजिनिअरच्या थाटात छापील प्रश्नावली घेऊन गेले होते. पहिला प्रश्न होता, “तुमच्या कुटुंबात किती माणसं?” चिकोडी तालुक्यातल्या एका गावात एका म्हाताऱ्या काकांना मी तो विचारला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “कुटुंब वारलं की. चार वर्षं झाली.” मला आधी कळलंच नाही. जुन्या माणसांच्या बोलण्यात कुटुंब म्हणजे बायको. मी त्यांच्या मेलेल्या बायकोची संख्या विचारत होते. त्याआधी किती जणांनी या प्रश्नाला भलत्याच अर्थानं उत्तर दिलं असेल, याचा हिशेब आता लागणं शक्य नव्हतं. ४० भरलेले फॉर्म बाजूला ठेवले. पुढच्या खेपेला प्रश्न बदलला: “एका चुलीवर किती माणसं जेवतात?” एका छताखाली तीन भाऊ आणि तीन चुली, असं चित्र लगेच उघडं झालं. जनगणनेतही कुटुंब ठरवताना सामाईक स्वयंपाकघरच धरतात, हे मला नंतर नीट उमगलं. भरपाई घरटी द्यायची की चुलीगणिक, यावरून त्या गावात केवढी भांडणं झाली होती ते मग लोकांनी आपणहून सांगितलं.

सांग, यातलं काय गप्पा आहे? तुझ्या सीटीएमचं कॅलिब्रेशन चुकलं तर सगळे क्यूब चुकतात. तिचा एक शब्द चुकला तर सगळ्या मुलाखती चुकतात. तिला आधी परवानगी घ्यावी लागते, नावं झाकावी लागतात, तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास बसावं लागतं. आणि आपल्याकडे त्यात भाषेची भर. बाई मराठीत सुरू करते, शेतीचं बोलताना कन्नडवर जाते, सरकारी कागदाचं नाव इंग्रजीत घेते. उतरवताना हे सगळं सरळ शुद्ध मराठीत केलं की माणूस निसटला. कोणत्या विषयावर भाषा बदलली, हीसुद्धा माहितीच असते.

भाषेचा विषय निघालाच आहे तर सांगते. आपल्या सीमेवरचं जगभर गाजलेलं एक संशोधन मिरजेजवळच्या कुपवाडमध्ये झालं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषेच्या अभ्यासकांनी १९७१ मध्ये ते छापलं. गावात मराठी, कन्नड, उर्दू आणि थोडी तेलुगू. त्यांना दिसलं की शब्द आपापल्या भाषेचे राहिलेत, पण वाक्याची बांधणी इतकी सारखी झालीय की एका भाषेतलं वाक्य दुसऱ्या भाषेत जवळपास शब्दाला शब्द ठेवून नेता येतं. तिथल्या मराठीत लिंगही कन्नडच्या वळणानं चालतं: माणसं सोडून बाकी सगळं नपुंसकात. म्हणजे नदी ‘आली’ नाही, नदी ‘आलं’. आपल्या शाळेत असल्या बोलण्यावर छडी बसायची. त्यांनी ते कान देऊन ऐकलं आणि शेजारच्या भाषेकडून शब्द येतात, बांधणी सहसा येत नाही, ही समजूतच हलवली. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही.

आता तुझी आणि तिची गाठ जिथं पडते त्या जागेवर येते, म्हणजे पुराच्या पाण्यावर.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय सगळ्याच चढल्या होत्या. पाणी कुठवर जाईल हे काढायला आपण संगणकावर नदीचं मॉडेल करतो. त्याला जमिनीची उंची लागते. फुकट मिळणारा नकाशा म्हणजे एसआरटीएम, फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारनं मोजलेला. त्यात झाडाझुडपांची उंची जमिनीच्या उंचीत मिसळते आणि सपाट नदीकाठाला मीटर-दोन मीटरची चूकही गावभर पाणी इकडचं तिकडं करते. माझ्या मॉडेलप्रमाणे एक गल्ली कोरडी राहायला हवी होती. त्या गल्लीतल्या एका आजींच्या घरी मी गेले. विचारलं, “पाणी कुठवर आलं होतं?” त्यांनी भिंतीतल्या देवळीकडे बोट केलं. “दिवा लावतो तिथवर. दिवा तरंगत गेला.” देवळीच्या खालच्या काठाला गाळाची पिवळट रेघ अजून होती, चुना मारूनही वर आलेली. मी टेप लावली: जमिनीपासून ४ फूट ७ इंच. मग त्यांनी उंबऱ्यापाशी नेऊन सांगितलं की २००५ ला पाणी इथं वीतभर होतं.

त्या आठवड्यात मी त्या गल्लीतल्या ११ घरांच्या रेघा लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून घेतल्या आणि मॉडेल त्यांच्यावर बसवून पाहिलं. नकाशा चुकला होता, आजी बरोबर होत्या. जलविज्ञानात पूररेषा ठरवताना अशा खुणा घेतातच, ही रीतच आहे. पण खुणेपर्यंत पोचायला त्या आजींशी बोलावं लागतं. आणि बोलायला लागलं की दुसरं काहीतरी कळतं: नव्या वसाहतीत पक्कं घर मिळूनही त्या परत का आल्या. गोठ्याला जागा नाही, शेत अडीच किलोमीटर लांब, सूनबाईला पाण्याला रांग. हे तुझ्या सॉफ्टवेअरच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि हे न कळता बांधलेली वसाहत रिकामी पडते. मी रिकाम्या पडलेल्या पाहिल्यात, दारं-खिडक्या काढून नेलेल्या.

उलट बाजूही सांगते, नाहीतर ताई खूश होऊन बसेल. २५ मुलाखती घेऊन “६८ टक्के लोकांना परत जायचं नाही” असं तिनं लिहू नये. टक्केवारी हवी असेल तर नमुना निवडायचं गणित वेगळं आहे. मोठ्या लोकसंख्येसाठी ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चूक धरली तर साधारण ३८५ लोक लागतात, तेही चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले. मुलाखती ‘किती’ सांगत नाहीत, ‘का’ आणि ‘कसं’ सांगतात. आणि जी बाई बाकी सगळ्यांच्या उलट बोलली, तिची मुलाखत गाळू नये. ती तिचा तिसरा क्यूब आहे.

रेकॉर्डिंगच्या प्रती दोन ठिकाणी ठेवायला सांग. म्हैसूरजवळच्या एका गावात १९४८ साली राहून अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या वर्षानुवर्षं खपून तयार केलेल्या नोंदी १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत जळाल्या. त्यांनी आठवणीवरून पुस्तक लिहिलं आणि ते मोठं ठरलं, पण आपण श्रीनिवास नाही.

विषय किती, म्हणशील तर आपल्या जिल्ह्यातच बघ. मच्छेला व्हीटीयू या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठाचं मुख्यालय आहे, बेळगावजवळच ताईचं विद्यापीठ, शहरात पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची संस्था आणि साखरेची स्वतंत्र संस्था. शहरातल्या वडगाव-शहापूरच्या मागांवर यंत्राचा अभ्यास होऊ शकतो आणि विणकराच्या कर्जाचाही. म्हादईच्या पाण्यावर लवादानं २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) दिलं. तो आकडा जलविज्ञानाचा, पण खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या जंगलाचं काय हा प्रश्न पर्यावरणाचा आणि कायद्याचाही. कृष्णेवरच्या आलमट्टी धरणात पाणी ५१९.६० मीटरवर ठेवायचं की कृष्णा लवादाच्या २०१० च्या निवाड्याप्रमाणे ५२४.२५६ पर्यंत न्यायचं, यावर सांगली-कोल्हापूरकर का धास्तावतात हे एकट्या इंजिनिअरला सांगता येणार नाही आणि एकट्या समाजशास्त्रज्ञालाही नाही. सीमाप्रश्नावर तर १९५६ पासून आपण बोलतोय, पण जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात माणूस सांगेल ते लिहितात, मग दोन भाषा घेऊन वाढलेल्या घरात काय सांगितलं जातं आणि कोण सांगतं, यावर शांतपणे गावोगाव बसून केलेलं काम मला फार हवंय. कुणी करणार असेल तर मी हवी ती मदत करीन.

पीएचडीचं. कशात ‘अर्थ’ आहे असं विचारू नकोस. कुठल्या प्रश्नापाशी पाच वर्षं बसवेल ते बघ. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान ३ वर्षं, कमाल ६, वर मुदतवाढीची सोय. विषय ठरवायच्या आधी शोधगंगावर जा, देशभरातले प्रबंध तिथं फुकट वाचता येतात. तुझ्या विषयावरचे दहा प्रबंध उघड आणि प्रत्येकाची फक्त शेवटची दोन प्रकरणं वाच. फौंड्री वाळूचे बरेच सापडतील, आणि अनेकांचं उत्तर सारखंच असेल. मग तुझं वेगळं काय हे तुलाच दिसेल. गाईड निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना फोन कर. प्रबंधात दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्याची मर्यादा १० टक्के आहे, पण नऊ टक्के उचलायची ती परवानगी नव्हे. पैसे घेऊन आठ दिवसांत पेपर छापून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नकोस. तिथं छापलेलं पुढं मुलाखतीत लपवावं लागतं.

आणि एक काम लगेच कर. ताई पुढच्या खेपेला त्या गावाला जाईल तेव्हा तिच्याबरोबर जा. टेप घे, कॉलेजातून ऑटो लेव्हल आणि स्टाफ (तिची मोजपट्टी) मिळाला तर तोही घे. ती बोलत असताना मधे बोलू नकोस. बोलणं संपलं की विचार, “पाणी कुठवर आलं होतं?” आणि बोट जाईल तिथं टेप लाव. आकडे इथं टाक, मॉडेलवर बसवायला मी आहे.