लाल बटण राखाडीच का राहतं?

प्रश्न : टीकिंटरमध्ये (पायथनमध्ये खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) नोंदी ठेवण्याचा छोटा प्रोग्रॅम लिहितो आहे. ‘नोंद काढून टाका’ हे टीटीकेचं (टीकिंटरमधला थीमवर चालणारा नवा संच) बटण लाल दिसावं म्हणून स्टाइलमध्ये ‘बॅकग्राउंड’ला लाल रंग दिला. विंडोजवर कडेला तेवढी लाल रेघ येते, बटण राखाडीच. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमचं काही चुकलेलं नाही. विंडोजवर टीटीके आपणहून ‘व्हिस्टा’ थीम घेतं, आणि तिच्यात बटणाचा चेहरा खुद्द विंडोज रंगवतं. तुमचा लाल रंग त्याच्याखाली झाकला जातो. म्हणून आधी थीम बदला. मी ‘क्लॅम’ वापरते. तिची बटणं टीके (टीकिंटरच्या मागची मूळ लायब्ररी) स्वतः काढतं, आणि ती विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर मिळते. थीम बदलली की सगळ्या खिडक्यांचं रूप बदलतं, हे मात्र आधीच धरून चाला. तेवढं नको असेल तर त्या एका जागी टीकेचं जुनं साधं बटण ठेवा. विंडोजवर ते दिलेला रंग घेतं.

स्टाइलला ‘धोका.टीबटन’ असं नाव द्या. ‘टीबटन’ ही टीटीकेच्या सगळ्या बटणांची मूळ स्टाइल; नुसत्या तिलाच लाल केलंत तर सगळीच बटणं लाल होतील.

आता खरी मेख. क्लॅममध्येही माऊस वर नेला की लाल रंग जाऊन फिकट राखाडी येईल. स्टाइलच्या ‘कॉन्फिगर’ या आज्ञेने दिलेला रंग एरवीचा, थीमने बटणाच्या वेगवेगळ्या अवस्थांसाठी ‘मॅप’मध्ये (कोणत्या अवस्थेत कोणता रंग, याची यादी) ठेवलेले रंग त्याच्यावर मात करतात. तेव्हा आपल्या स्टाइलचा मॅप स्वतः लिहा. त्यातली पहिली जुळणारी अवस्था लागू होते, म्हणून क्रम असा ठेवा : डिसेबल्ड (बंद), प्रेस्ड (दाबलेलं), मग ॲक्टिव्ह (माऊस वर असलेलं).

मी एकदा ॲक्टिव्ह आधी लिहिलं होतं. ‘पाठवा’ दाबताच बटण बंद होत असे, पण माऊस अजून त्यावरच असल्याने ॲक्टिव्ह अवस्था सुटत नसे आणि बंद बटण चालू असल्यासारखं उजळ दिसे. ते वापरणाऱ्या बाई पुन्हापुन्हा दाबत राहिल्या. आपल्यालाच जमत नाही, असं त्यांना वाटलं. दोष माझ्या दोन शब्दांच्या क्रमाचा होता. ते मला फार लागलं. तेव्हापासून बटण दाबायचं, माऊस जराही न हलवता बघायचं, हे मी दर वेळी करते. तुम्हीही करा.

पुढे कॉम्बोबॉक्स (यादी उघडून निवडायची चौकट) रंगवाल तेव्हा त्याची उघडणारी यादी स्टाइलला जुमानणार नाही. ती यादी म्हणजे आतला टीकेचा जुना लिस्टबॉक्स आहे. त्याचे रंग ‘ऑप्शन ॲड’ या आज्ञेने, कॉम्बोबॉक्स तयार करण्याआधीच द्या.