‘निदान’ आणि ‘निदान तरी’

प्रश्न असा आहे : तालुक्याच्या दवाखान्यावर ‘रोगनिदान केंद्र’ अशी पाटी असते, आणि घरी आई म्हणते, ‘निदान दोन घास तरी खा.’ ही दोन्ही ‘निदान’ एकच का? आणि निदान केलं म्हणावं, झालं की लागलं?

शब्द एकच, संस्कृतातून आलेला. मुळात धातू ‘दा’, म्हणजे बांधणे. ऋग्वेदात ‘निदान’ म्हणजे गाई बांधायचा दोर. गोठ्यातलं आपलं दावं अन् दावण याच धातूची. पुढे ‘जिथं गोष्ट बांधलेली आहे ते मूळ’, म्हणजे कारण, असा अर्थ झाला. ‘शेवट’ हाही अर्थ होता. हिंदीत ‘निदान’ म्हणजे ‘अखेर’ असा वापर आहे. मराठीत ‘अखेरीस एवढं तरी’ होत होत ‘किमान’ उरलं, म्हणून या ‘निदान’मागे बहुधा ‘तरी’ येतं.

आयुर्वेदात निदान म्हणजे आधी कारणच; ते टाळणं म्हणजे निदानपरिवर्जन. गंमत अशी की निदान, पूर्वरूप, रूप, उपशय, संप्राप्ती या रोग ओळखायच्या पाच साधनांना मिळून ‘निदानपंचक’ म्हणतात, म्हणजे पाचांतलं एक नाव सगळ्या गटालाच! रोग ओळखणे हा आजचा अर्थ तिथूनच रुळला.

कारणाचा हा अर्थ कपाशीच्या वावरात चांगला कळतो. ‘लाल्या आला’, म्हणजे पानं लाल पडली, हे निदान नव्हे, ते नुसतं लक्षण. जुनी पानं लाल पण शिरा हिरव्या, तर मॅग्नेशियम कमी. कडा पिवळ्या-लाल होऊन पान खाली मुडपलं, तर तुडतुडे, म्हणजे रस शोषणारे किडे. हे सांगणं म्हणजे निदान. तपासणीही निदान नव्हे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची सोल्युबिलिटी चाचणी दोष आहे एवढंच दाखवते. माणूस नुसता दोषाचा वाहक की रुग्ण, ते इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या रक्ततपासणीनंतर ठरतं.

आता वापर. डॉक्टर निदान करतात, आजाराचं निदान होतं. ‘लागलं’ हे ‘शोध लागला’च्या चालीवर बोलण्यात येतं, मला त्यात वावगं वाटत नाही. खटकतं ते बातम्यांतलं ‘त्यांना मधुमेहाचे निदान झाले’. ‘मधुमेह असल्याचे निदान झाले’ म्हणा की सरळ. गावात मात्र हा शब्द फारसा लागतच नाही. ‘रगत तपासलं, काय निघालं?’ ‘टायफाईड निघाला.’