तेराव्यानंतरचा फोन चुकवू नको

अगं, कुणी गेलेल्या घरी आपण धीर द्यायला जातो ना, तिथं पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं, तेव्हा नुसतं भेटून यायचं, माहिती भरायचा फॉर्म काढायचाच नाही. खरी गरज तेराव्यानंतर पाहुणे गेले की, किंवा ख्रिश्चन घरात महिन्याचं मीस (चर्चमधली प्रार्थना) झालं की, तेव्हा फोन कर. वहीत प्रत्येक घराची तारीख लिही आणि पहिली चवथ (गणेश चतुर्थी), नाताळ वेगळे मार्क कर, कारण फोंड्यातल्या एका काकींनी मला माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटीची) रिकामी जागा दाखवत तासभर नवऱ्याबद्दल सांगितलं, मी फक्त ऐकलं. 'सावरा आता' असं कधीच म्हणू नको. मुलगा बोटीवर नोकरीला असेल तर त्यालाही कॉल कर, त्याला शेवटचं बघायलाही मिळालेलं नसतं गं. सहा महिन्यांनंतरही रोजचं जगणं अडलेलं दिसलं तर डॉक्टरांना सांग, आणि रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर घरच्यांना लिहून दे.