‘बधिर चट्टा’ : कानाचा शब्द कातडीला कसा?

प्रश्न असा आला आहे : कुष्ठरोगाच्या एका माहितीपत्रकात ‘अंगावर फिकट, बधिर चट्टा’ असं लिहिलंय. बधिर म्हणजे बहिरा ना? मग तिथे ‘सुन्न’ किंवा ‘संवेदनाहीन’ नको का?

नको. ‘बधिर’ चूक तर नाहीच, उलट तिथे तोच चपखल बसतो.

संस्कृतात बधिर म्हणजे ऐकू न येणारा, हे खरं. पण दधिचं जसं दही झालं, तसं बधिरचं प्राकृतात बहिर आणि मराठीत बहिरा झालं. कानाचं काम या घरच्या शब्दाने उचललं आणि मूळ तत्सम शब्द कातडीसाठी मोकळा राहिला, असं मला वाटतं. बोलताना ‘आजोबा बधिर झालेत’ असं कुणी म्हणत नाही; म्हटलंच तर त्यांचं भलतंच काही बिघडलंय असं वाटेल. पंगतीत मांडी घालून बराच वेळ बसलं की पाय मात्र बधिरच होतो. आणि ‘कर्णबधिर’ हा शब्द पाहा. नुसत्या ‘बधिर’मध्ये आजही कान असता, तर पुढे ‘कर्ण’ लावायची गरज काय होती?

‘सुन्न’ आला ‘शून्य’वरून. ‘घर सुनं झालं’ मधला सुना त्याचाच भाऊ. हिंदीत पाय सुन्न होतो. मराठीतही तसं ऐकू येतं, पण आपल्याकडे सुन्न व्हायचं ते मुख्यतः मनाने, डोक्याने. वाईट बातमी ऐकून माणूस सुन्न होतो. तोच माणूस ‘बधिर झाला’ म्हटलं की त्यात दोष येतो : याला आता कशाचं काही वाटतच नाही.

बधिर आणि मुंग्या यांतही लोक गल्लत करतात. नस दबून राहिली की पाय बधिर होतो. पाय मोकळा केला की नसा वेड्यावाकड्या जाग्या होतात, त्या मुंग्या. म्हणजे मुंग्या येतात तेव्हा काहीतरी कळत असतं, बधिर असतं तेव्हा कळतच नाही. (लॅटिनमध्ये मुंगी म्हणजे फॉर्मिका, आणि अंगावर काही सरपटल्याच्या भासाला डॉक्टर फॉर्मिकेशनच म्हणतात.) कोपर दाराच्या कडेवर आपटलं की करंगळीपर्यंत जातात त्या झिणझिण्या. तिथे नस कातडीखाली अगदी वर असते.

दातवाल्याकडे ‘जागा बधिर करतो’ म्हणतात, तेव्हा वेदना जाते पण पकडीचा दाब कळतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्याचं तसं नाही. तिथे बहुधा आधी गरम-थंड कळेनासं होतं, मग टोचणं, मग साधा स्पर्शही. म्हणून तपासणारे डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर कापूस किंवा पेनचं टोक टेकवतात आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगतात. बोट भलतीकडे गेलं किंवा उठलंच नाही, की संशय पक्का. ही खूण ‘बधिर’ म्हटल्यावर कुणालाही कळते.

‘संवेदनाहीन’ हा शब्द आता प्रशासनाला आणि पुढाऱ्यांनाच चिकटलाय, चट्ट्याला तो शोभत नाही. फार तर ‘बधिर’च्या पुढे ‘स्पर्श न कळणारा’ एवढं जोडावं.