बोगोटाला लेकीला नेताय, म्हणून लिहिते

ताई, तुम्ही विचारलंत की यांची बदली कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटाला झालीये, मुलगी साडेतीन वर्षांची आहे, २,६४० मीटरवर तिला रात्री श्वासाचा त्रास होईल का. मीही इंदूरचीच, रामबागेतली. आमचा मुलगा चार वर्षांचा असताना इथे आलो. व्हिसाचं दूतावासाच्या साइटवर वाचालच. फक्त जन्मदाखल्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. आमच्या दाखल्यात एक 'ए' जास्त निघाला. त्या एका 'ए'पायी अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) आणि स्पॅनिश भाषांतर दोनदा करावं लागलं, आणि तोवर शाळेत नाव लागेना.

आता श्वासाचं. हवेत ऑक्सिजन इथेही २१ टक्केच, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाऊण. कुकरशिवाय वरण शिजता शिजत नाही. दाब कमी म्हणून दर श्वासाला ऑक्सिजनही कमी मिळतो, त्यामुळे पोर झोपेत भराभर श्वास घेतं, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मग काही सेकंद श्वास थांबतो, आणि पुन्हा भराभर. लहान मुलांतही हे दिसतं. अंधारात ऑक्सिमीटरवरचा, रक्तातल्या ऑक्सिजनचा लाल आकडा बघत बसायचे मी: ९१, ८९, ८८, परत ९२.

सहसा थोड्या दिवसांत हे ओसरतं. आमच्याकडे ओसरलं नाही, आणि मी चुकले ते इथेच. तो रोज घोरायचा. तोंड उघडं, मान मागे टाकलेली, उशी घामाने ओली. मधेच आवाज बंद, छाती मात्र वरखाली होत असायची. मी म्हणायचे, उंचीमुळे आहे, सवय होईल. सात महिने हेच म्हणत राहिले. शाळेतून चिठ्ठी आली: वर्गात पेंगतो, भाषा येत नाही, एक इयत्ता खाली बसवा. बसवलं आम्ही! शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रात्रभराची झोपेची तपासणी करायला लावली. टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडेनॉइड वाढलेले. श्वास अडत होता तो त्यांच्यामुळे. उंचीने एवढंच केलं की दर वेळी ऑक्सिजन इंदुरात उतरला असता त्याहून जास्त उतरायचा. ऑपरेशन झालं, पेंगणं गेलं. वर्षही गेलं. शाळा त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. आणि सासूबाईंना मी आजही 'साधं टॉन्सिलचं होतं' एवढंच सांगितलंय.

सुट्टीत इंदूरला जाऊन परत आलात की पहिले दोन-तीन दिवस डोळ्यात तेल घालून बघा. इथे रुळलेल्या मुलांच्याही फुप्फुसात असं परतल्यावर क्वचित पाणी भरतं. खोकला, धाप, ओठ निळसर दिसले तर सकाळची वाट बघू नका.

एकटं वाटतं का, हेही विचारलंत. वाटतं. आपला इंदुरी मसाला, जिरावन, भरपूर आणा.

पण एक तुम्ही लिहिलंच नाहीत. ती आत्ता, इंदुरातच, घोरते का? आज रात्री मोबाइलवर दोन मिनिटं तिचा व्हिडिओ घ्या, आणि घोरत असेल तर तिकिटं काढायच्या आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.